नावांची गोधडी

जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे तुकडे एकावर एक रचून, धावदोरा घालून शिवलेली गोधडी मराठी घरांना नवी नाही. नव्या कापडाचे मोल तिला नसते. परंतु ज्यांनी ती वस्त्रे नेसली, त्यांची आठवण तिच्या प्रत्येक ठिगळात असते. अमेरिकेतही गोधडी शिवण्याची परंपरा जुनी आहे. शेजारच्या स्त्रिया एकत्र जमत आणि एकाच लाकडी चौकटीभोवती बसून गोधडी शिवीत. या साध्या घरगुती कलेने विसाव्या शतकाच्या अखेरीस एका भयंकर आजाराची आणि त्याबरोबर झालेल्या अन्यायाची कहाणी जगापुढे मांडली. एड्सने मरण पावलेल्यांच्या स्मरणार्थ शिवलेल्या गोधडीची ती कहाणी होय.

जून १९८१ मध्ये लॉस एंजेलिस शहरातील पाच तरुणांना दुर्मिळ प्रकारचा फुप्फुसदाह झाल्याचे वृत्त अमेरिकेच्या सरकारी आरोग्यपत्रिकेत प्रसिद्ध झाले. या रुग्णांच्या शरीरातील रोगाशी झुंजण्याची शक्तीच नाहीशी होत होती. पुढील वर्षी या आजाराला ‘एड्स’ हे नाव मिळाले, आणि १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्याच्या मुळाशी असलेला विषाणू शोधून काढला. तोच आज एचआयव्ही या नावाने ओळखला जातो. हा विषाणू दूषित रक्तातून, लैंगिक संबंधातून आणि मातेकडून बालकाकडे जातो. हातात हात घेतल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा एका बाकावर बसल्याने तो पसरत नाही. शास्त्रज्ञांना हे लवकरच उमगले; परंतु लोकांच्या मनातील भीती काही केल्या जाईना.

प्रारंभीच्या रुग्णांमध्ये समलिंगी पुरुषांची संख्या मोठी होती. समाज त्यांना आधीच परके मानीत होता. त्यामुळे आजार हा त्यांच्या वर्तनाचा दंड आहे, असे निष्ठुर उद्गार निघू लागले. कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, कित्येकांना राहती घरे सोडावी लागली. अंत्यविधी करणाऱ्या अनेक व्यावसायिकांनी मृतदेह स्वीकारण्यासही नकार दिला. लहान मुलेही या वागणुकीतून सुटली नाहीत. इंडियाना राज्यातील रायन व्हाइट या मुलाला जन्मापासून रक्त न गोठण्याचा विकार होता. त्यावरील उपचारासाठी दिलेल्या रक्तघटकांतून त्याला एचआयव्हीची बाधा झाली. १९८५ मध्ये त्याला शाळेत येण्यास मनाई करण्यात आली, आणि शिक्षणाच्या हक्कासाठी त्या कुमाराला न्यायालयाची पायरी चढावी लागली. तो १९९० मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी निवर्तला. राज्यकर्तेही दीर्घकाळ उदासीन राहिले. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी या आजारावर पहिले प्रमुख भाषण केले ते १९८७ मध्ये. तोपर्यंत वीस हजारांहून अधिक अमेरिकन नागरिक मृत्यू पावले होते.

परंतु सर्वांनीच पाठ फिरविली नव्हती. सॅन फ्रान्सिस्को येथील सार्वजनिक रुग्णालयात १९८३ मध्ये केवळ एड्सच्या रुग्णांसाठी एक स्वतंत्र कक्ष उघडला गेला. तेथील परिचारिका आणि परिचारक रुग्णांचे हात हातात घेत, त्यांच्याजवळ बसत आणि त्यांच्या जिवलगांना भेटू देत. शहरातील अनेक स्वयंसेवक रुग्णांच्या घरी जेवण पोहोचवीत, त्यांची शुश्रूषा करीत. ज्यांना रक्ताच्या नातेवाइकांनी टाकले, त्यांना मित्रांनी आणि अपरिचितांनी सांभाळले.

याच शहरात २७ नोव्हेंबर १९८५ रोजी मेणबत्त्यांचा एक मोर्चा निघाला. शहराचे महापौर जॉर्ज मॉस्कोनी आणि लोकप्रतिनिधी हार्वी मिल्क यांची १९७८ मध्ये त्याच दिवशी हत्या झाली होती. त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ असा मोर्चा दरवर्षी निघत असे. मोर्चाच्या संयोजकांत क्लीव्ह जोन्स हे कार्यकर्ते होते. शहरात एड्सचे एक हजारांहून अधिक बळी पडले आहेत, हे त्यांना त्या सुमारास कळले. एवढी माणसे गेली, आणि त्यांची खूण म्हणून कोठे एक दगडही उभा नाही, या विचाराने ते व्यथित झाले. मोर्चात आलेल्या प्रत्येकाने आपल्या मृत आप्ताचे किंवा मित्राचे नाव एका फलकावर लिहावे, असे त्यांनी सुचविले. ते फलक लोकांनी केंद्र सरकारच्या कार्यालयाच्या भिंतीवर चिकटविले. दूर उभे राहून पाहताना जोन्स यांना ती भिंत ठिगळांच्या गोधडीसारखी दिसली. ऊब देणारी, घराची आठवण करून देणारी गोधडी! तीच आपल्या स्मारकाची योग्य आकृती होय, हे त्यांच्या मनाने घेतले.

जोन्स यांनी पहिला पट मार्व्हिन फेल्डमन या आपल्या दिवंगत मित्रासाठी तयार केला. १९८७ मध्ये काही सहकाऱ्यांसह त्यांनी या कार्यासाठी संस्था स्थापन केली आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटवरील एका दुकानाच्या जागेत शिवणकाम सुरू झाले. कोणी शिवणयंत्र दिले, कोणी कापड दिले, कोणी रात्री जागून टाके घातले. ज्यांनी कधी सुई हाती धरली नव्हती, तेही शिवणे शिकले. काही रुग्णांनी तर आपल्या हयातीतच स्वतःच्या नावाचा पट शिवला.

या गोधडीची रचना समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक पट तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब असतो. हे माप सहज ठरलेले नाही; एका माणसाच्या थडग्याला साधारण एवढीच जागा लागते. असे आठ पट जोडले की बारा फूट लांब आणि बारा फूट रुंद असा एक चौक तयार होतो. मग त्याच्या कडा मजबूत पट्टीने शिवतात. पटावर काय असावे, याला मात्र बंधन नाही. त्यांवर सदरे आहेत, टोप्या आहेत, गुंड्या आहेत, मुलांची कापडी खेळणी आहेत. कोठे छायाचित्र आहे, कोठे प्रेमपत्र, कोठे लग्नातील अंगठी; काही पटांवर तर चिताभस्मही आहे. एखाद्या पटावर पूर्ण नाव आढळत नाही. केवळ पहिले नाव किंवा आद्याक्षरे आढळतात. मृत्यूनंतरही लोकनिंदेचे भय कुटुंबाला सोडीत नव्हते, याची ती अपुरी नावे साक्ष देतात.

११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टन येथील नॅशनल मॉल या विस्तीर्ण मैदानावर गोधडी प्रथम अंथरली गेली. सूर्योदयाच्या वेळी शुभ्र वस्त्रे नेसलेले स्वयंसेवक घड्या घातलेल्या चौकांभोवती उभे राहिले आणि कमळाच्या पाकळ्या उमलाव्यात तशा त्यांनी एकेक घडी उलगडल्या. त्याच वेळी मृतांची नावे एकामागून एक मोठ्याने वाचली जात होती. त्या दिवशी पटांची संख्या १,९२० होती, आणि गोधडीने फुटबॉलच्या मैदानाहून अधिक जागा व्यापली. त्या आठवड्याच्या अखेरीस सुमारे पाच लाख लोकांनी ती पाहिली. वर्तमानपत्रांतून आकडे वाचणाऱ्यांना तेथे आकड्यांऐवजी माणसे भेटली. हा कोणाचा मुलगा, ही कोणाची माता, हा वाद्य वाजवीत असे, याला बागेची आवड होती, असे प्रत्येक पट सांगत होता.

एका वर्षातच पटांची संख्या ८,२८८ झाली आणि ऑक्टोबर १९८८ मध्ये गोधडी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानासमोरील मैदानावर अंथरण्यात आली. तथापि, केवळ शोक पुरेसा नाही, असे म्हणणारेही होते. न्यूयॉर्कमध्ये १९८७ साली स्थापन झालेल्या ‘ॲक्ट अप’ या संघटनेचे कार्यकर्ते औषधांच्या चाचण्या आणि मंजुरी लवकर व्हावी, अशी मागणी करीत होते. गोधडीच्या त्या प्रदर्शनानंतर लगेच, ११ ऑक्टोबर १९८८ रोजी, त्यांनी औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी कार्यालयाला वेढा घातला. शोक आणि मागणी या दोन्ही वाटा वेगळ्या दिसल्या, तरी त्यांवरून चालणारी माणसे पुष्कळदा तीच होती. गोधडीतील उणिवाही लोकांनी दाखवून दिल्या. या आजाराने कृष्णवर्णीय समाजाची फार मोठी हानी केली. परंतु त्या मानाने त्यांची नावे गोधडीत थोडी होती. पट शिवण्यास सवड, साहित्य आणि निर्भय वातावरण लागते, आणि ते सर्वांना सारखे मिळत नव्हते. म्हणून पुढे त्यांच्या वस्त्यांत जाऊन पट शिवण्याचे वर्ग भरविण्यात आले.

१९९६ च्या ऑक्टोबरमध्ये संपूर्ण गोधडी शेवटची एकत्र अंथरली गेली. तिने नॅशनल मॉलचे सारे मैदान झाकून टाकले, आणि राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन ती पाहण्यास आले. त्याच वर्षी अनेक औषधे एकत्र देण्याची नवी उपचारपद्धती रूढ होऊ लागली आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले. स्वतः जोन्स यांनाही एचआयव्हीची बाधा झाली होती. औषधांनी त्यांचे प्राण वाचविले. आज नियमित औषधे घेणारा रुग्ण दीर्घ आयुष्य जगू शकतो. एके काळचा प्राणघातक रोग आता मधुमेहाप्रमाणे जन्मभर सांभाळण्याचा आजार झाला आहे.

भारतात या विषाणूचा शोध १९८६ मध्ये चेन्नई येथे लागला. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी हे कार्य केले. सुनीतीबाईंचा जन्म चेन्नईत स्थायिक झालेल्या गायतोंडे या मराठी कुटुंबात झाला होता. इतर लोक एड्सच्या रुग्णांना स्पर्श करण्यास धजत नसताना त्यांनी १९९३ मध्ये वडिलांच्या नावाने उपचार केंद्र उघडले. भारतातही रुग्णांना बहिष्कार सोसावा लागला. शाळेत, नोकरीत, रुग्णालयात किंवा घर भाड्याने देताना अशा रुग्णांशी भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा भारतीय संसदेने २०१७ मध्ये संमत केला.

आज गोधडीत सुमारे ५०,००० पट असून त्यांवर एक लाखाहून अधिक नावे आहेत. तिचे वजन ५४ टन आहे. बरीच वर्षे अटलांटा शहरात राहिल्यानंतर ती २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात परत आली. पटांबरोबर आलेली पत्रे आणि छायाचित्रे अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयात जतन केली जातात. फाटलेल्या शिवणी दुरुस्त करण्याचे काम अजून चालू आहे, कारण कापडाचे स्मारक दगडाप्रमाणे आपोआप टिकत नाही. कोणीतरी सतत सुई-दोरा घेऊन बसावे लागते.

२०२० मध्येच करोनाची साथ आली आणि मुखपट्ट्यांची टंचाई भासू लागली. १९८७ पासून या गोधडीची देखभाल करणाऱ्या गर्ट मॅकमलिन यांनी तेव्हा गोधडीसाठी ठेवलेल्या कापडातून मुखपट्ट्या शिवण्यास आरंभ केला. एका साथीत मृतांची नावे शिवण्यासाठी लोकांनी दिलेले कापड दुसऱ्या साथीत जिवंत माणसांच्या रक्षणासाठी उपयोगी पडले.