फझल पलीकडच्या बाजूला

३१ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री दिल्लीत पुणेरी पलटण प्रो कबड्डीची अंतिम लढत ३१-२८ अशी हरली. नशिराबादला आम्ही सातआठ जण टीव्हीसमोर बसलो होतो, सामना संपला तरी कुणी उठेना. अखेरच्या क्षणांत पकड केली ती दबंग दिल्लीच्या फझल अत्राचलीने. हा इराणी पठ्ठ्या २०१५ मध्ये मुंबईच्या यू मुम्बाकडे आला, पुढे तिथलाच कप्तान झाला, २०२२ मध्ये पुण्याचं नेतृत्व केलं. आपल्या दोन्ही संघांनी त्याला जाऊ दिलं.

चांगले खेळाडू जाऊ देण्याची ही सवय जुनी आहे. २०१४ मध्ये पहिल्याच अंतिम सामन्यात मुम्बा जयपूरकडून ३५-२४ असा हरला, पण पुढच्या वर्षी बंगळुरूला ३६-३० हरवून त्याने करंडक घेतला. तो संघ मी डोळ्यांत साठवून ठेवलाय. अनुपकुमार चढाईला गेला की घाई नसायची. बोनस मिळाला तर घ्यायचा, नाहीतर शांतपणे परत. आघाडीवर असताना वेळ कसा काढायचा आणि पिछाडीवर असताना धोका कधी पत्करायचा, हे त्याला बाहेरून कुणी सांगायची गरज नव्हती. मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा दोन कोपऱ्यांत असे हलायचे की चढाईपटूला निदान रेषाही लांब वाटावी. २०१६ च्या लिलावात ही जोडी बंगळुरूने नेली आणि मुम्बा पहिल्यांदाच उपांत्य फेरीबाहेर राहिला.

२०१८ चा घाव तर अजून भरला नाही. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईने पहिल्याच मोसमात चढाईचे दोनशेवर गुण मिळवले, आणि मुंबईने त्याला राखलं नाही! तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले.

त्यानंतरची दोनतीन वर्षं बोलण्यासारखी नाहीत.

मग पुणं उभं राहिलं. १ मार्च २०२४ ला हरियाणाला २८-२५ हरवलं तेव्हा प्रशिक्षक बी. सी. रमेश यांच्याकडे अस्लम इनामदार होता, मोहित गोयत होता, आणि पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण आणले होते. एक बाद झाला तर दुसरा तयार.

२०२५ मध्ये तेच हरवलं. प्रशिक्षक अजय ठाकूर स्वतः केवढा मोठा चढाईपटू. २०१६ च्या विश्वचषकात इराणविरुद्धची अंतिम लढत त्यानेच फिरवली होती. त्याने तरी ओळखायला हवं होतं. पहिल्या क्वालिफायरमध्ये याच दिल्लीने बरोबरीनंतर पुण्याला हरवलं होतं, म्हणजे समोरचा बचाव चारच दिवसांपूर्वी पाहिलेला. तरी अंतिम सामन्यात चढाईचा भार पुन्हा आदित्य शिंदेवरच. पोराने दहा गुण आणले. त्याच्या जोडीला दुसऱ्याला वेळेवर मोकळं सोडलं असतं, तर तीन गुण कुठे लांब होते?

आता लिलाव येईल. आदित्यला राखा. पुढच्या वेळी तो समोरच्या बाजूने चढाईला आलेला मला बघायचा नाही.