जुन्या पिकअपचे ब्रेक : दोष आणि निदान

सोयाबीनच्या हंगामात वाशीम, रिसोड, कारंजा येथील बाजार समित्यांपुढे पोत्यांनी लादलेल्या पिकअप गाड्यांच्या रांगा लागतात. त्यांत जुन्या गाड्या पुष्कळ. इंजिन बंद पडले तर माल उशिरा पोहोचतो. ब्रेक गेला तर पोत्यांवर बसलेला मजूर घरी पोहोचत नाही. म्हणून हा विषय आपण कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनीही समजून घ्यावा, असे मला वाटते. माझे वडील अशीच गाडी चालवितात.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सांगितले. ब्रेक याच नियमावर चालतो. पेडल दाबताच मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑइलचा दाब नळ्यांवाटे चाकांकडे जातो, लायनर ड्रमला घासतात आणि गाडीच्या गतीची उष्णता होते. भार दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट. वेग दुप्पट झाला तर मात्र चौपट!

दोष कसा ओळखावा? जाणता मिस्त्री आधी पाना उचलीत नाही, पेडलवर पाय ठेवतो. पेडल स्पंजासारखे लागले तर नळीत हवा शिरली आहे. द्रव दबत नाही, हवा दबते. ती काढावीच लागते. दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली बसत असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे रबर झिजले आहे. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर दुसऱ्या बाजूच्या लायनरवर तेल आले असावे किंवा तिथला सिलिंडर जाम झाला असावा. करकर आवाज येऊ लागला, की लायनर संपत आले. पेडल दगडासारखे घट्ट झाले तर बूस्टर तपासावा.

टाकीतले ब्रेक ऑइल कमी झाले, की अनेकजण वरून भरतात व निघतात. पण ते कमी का झाले, हा खरा प्रश्न आहे! लायनर झिजल्याने पातळी थोडी उतरते. एकदम उतरली तर गळतीच समजावी. त्या जागी इंजिन ऑइल तर कधीही घालू नये. त्याने रबर फुगते व ब्रेक निकामी होतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावाही शोषते. जुने, पाणी धरलेले तेल लांब उतारावर तापून उकळते, त्याची वाफ होते आणि पेडल रिकामे जाते.

पातूरच्या घाटात डिझेल वाचविण्यासाठी इंजिन बंद करून गाडी सोडणारे आहेत. इंजिन बंद, की बूस्टरची मदत दोन-तीन दाबांत संपते आणि गिअरचा आवरही राहत नाही. वाचलेल्या डिझेलची किंमत किती आणि वर बसलेल्या माणसांची किती, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. उतारावर लहान गिअर आणि सुरू इंजिन, हाच पहिला ब्रेक होय.