अर्ध्या अंशाचा मागोवा

भाजे लेणी पश्चिमाभिमुख आहेत. मळवली स्टेशनवर उतरून, द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडून गावात आलं की तिथून पायऱ्यांची वाट वर जाते. सकाळचे पहिले काही तास ही वाट डोंगराच्या सावलीत असते. दुपार कलली की ऊन समोरून येतं, पायऱ्यांचा दगड तापतो. चैत्यगृहाचा मूळचा लाकडी दर्शनी भाग कधीच नाहीसा झालेला असल्याने उन्हाला आत शिरायलाही अडसर उरलेला नाही. बहुतेक पर्यटकांना या माहितीचा उपयोग फोटोसाठी चांगला उजेड कधी मिळेल, हे ठरवण्यापुरता. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असलेल्या माणसाचं मात्र सगळं त्यावर अडलेलं असतं. जी वाट तो सकाळी काठी टेकत, थांबत थांबत का होईना पण चढू शकतो, तीच एप्रिलमधल्या दुपारी निम्म्यावर सोडून द्यावी लागते. पाय उचलेनासे होतात, नजर धूसर होते आणि उतरताना पुढची पायरी नीट दिसत नाही. माणूस तोच, आजार तोच, एमआरआयमधले डागही तेच. बदललेलं असतं ते तापमान. या आजाराच्या दीडशेहून अधिक वर्षांच्या अभ्यासाकडे मागे वळून पाहिलं तर एक गोष्ट फार खटकते. वैद्यकाने उष्णतेचा उपयोग आजार ओळखण्यासाठी करून घेतला, पण रुग्णाला उष्णतेपासून सांभाळणं हे आपलं काम मानलं नाही. ते रुग्णावर आणि त्याच्या घरच्यांवर सोडून दिलं. गारवा हा एमएसच्या उपचाराचाच भाग आहे आणि तो तसा लिहून दिला गेला पाहिजे, हे माझं म्हणणं आहे.

फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांनी १८६८ साली पॅरिसमध्ये या आजाराचं पहिलं पद्धतशीर वर्णन केलं. त्यानंतर १८९० साली विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १०० रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांतल्या चौघांची नजर श्रम केल्यावर मंदावायची आणि विश्रांती घेतली की पूर्ववत व्हायची. उथॉफ यांनी दोष श्रमाला दिला. श्रमाने शरीर तापतं आणि खरं कारण ते तापणं आहे, हे नीट ध्यानात यायला आणखी अर्धं शतक गेलं. ध्यानात आल्यावर काय झालं, तर १९५० च्या दशकापासून गरम पाण्याची चाचणी रूढ झाली. रुग्णाला ४० अंशांच्या आसपासच्या पाण्यात टबमध्ये गळ्यापर्यंत बसवायचं, अंगाचं तापमान चढू द्यायचं आणि मग नजर, बोलणं, हातापायांची ताकद पुन्हा तपासायची. एरवी लपलेली लक्षणं वर आली की निदानाला बळकटी मिळे. मेंदूतले डाग दाखवणारं यंत्र तेव्हा नव्हतं, त्यामुळे डॉक्टरांना सरसकट दोष देता येणार नाही. पण काही रुग्णांची लक्षणं पाण्यातून बाहेर आल्यावरही गेली नाहीत आणि १९८३ साली अशा टिकून राहिलेल्या इजेची नोंद वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. त्याच दशकात एमआरआय आला आणि चाचणी मागे पडली. ते योग्यच झालं. मात्र तिच्याबरोबर उष्णतेचा विषयही तपासणीच्या खोलीतून बाहेर गेला. निदानासाठी उष्णतेची गरज उरली नाही, म्हणून तिच्याबद्दल विचारण्याचंही कारण उरलं नाही.

उष्णतेने लक्षणं का वाढतात, याचं उत्तर १९७० च्या दशकातल्या प्रयोगांनी दिलं आहे. मज्जातंतूंभोवती मायलीनचं वेष्टण असतं आणि एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती ते जागोजाग खरवडून काढते. उघड्या पडलेल्या तंतूतूनही संदेश जातो, पण अगदी काठावर. शेताच्या पाटाला भेगा पडल्या तरी पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत कसंबसं पोचतं. वरून सुटणारं पाणी जरासं कमी झालं की तोच वाफा आधी कोरडा पडतो. तापमान वाढलं की तंतूतले सोडियमचे मार्ग लवकर मिटतात, विजेची लाट तोकडी होते आणि भेग ओलांडण्याइतकं बळ तिच्यात उरत नाही. निरोगी तंतूपाशी शिल्लक बळ भरपूर असल्याने त्याला हा फरक कळतही नाही. उघड्या तंतूत मात्र अवघ्या अर्ध्या अंशाच्या वाढीने संदेश थांबू शकतो, हे प्रयोगशाळेत दिसलं. एमएसच्या ६० ते ८० टक्के रुग्णांना उष्णता बाधते, असं निरनिराळ्या पाहण्या सांगतात. अर्धा अंश म्हणजे किती? जिना चढणं, कढत पाण्याची आंघोळ, बंद स्वयंपाकघरात शेगडीसमोर पोळ्या लाटणं, बारीकसा ताप. यांतलं काहीही तेवढ्याला पुरतं.

१९९३ साली इंटरफेरॉन बीटा हे औषध आलं आणि त्यानंतर एकाहून एक प्रभावी औषधं आली. ती नवे झटके कमी करतात आणि त्यांचं मोल वादातीत आहे. पण आधीच उघडा पडलेला तंतू उन्हात कसा वागेल, हे ती बदलत नाहीत. तिथे उपयोगी पडतो तो गारवा. नासाच्या तंत्रज्ञानावर बेतलेल्या शीतकारी पोशाखाचा नियंत्रित अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात ८४ रुग्ण होते. तासाभराच्या गारव्याने चालणं आणि नजर किंचित सुधारली आणि रोजच्या वापरात थकवा कमी झाल्याचं रुग्णांनी सांगितलं. लाभ माफक होता, हे लपवण्यात अर्थ नाही. परंतु या आजारात माफक म्हणजे काय, हेही पाहायला हवं. स्वतःच्या पायांनी संडासापर्यंत जाता येणं आणि कुणाला तरी हाक मारावी लागणं, यातलं अंतर माफकच असतं. अमेरिकेत २०१० साली मान्यता मिळालेलं फॅम्प्रिडीन हे औषधही संदेशाची लाट लांबवूनच काही रुग्णांची चाल सुधारतं. उघड्या तंतूवर गारव्याचा होणारा परिणाम त्याच वळणाचा आहे. गोळीला उपचार म्हणायचं आणि ओल्या पंचाला घरगुती तोडगा, हा भेद मला पटत नाही.

आपल्याकडचा पहिला आक्षेप ठरलेला आहे: ऊन सगळ्यांनाच लागतं, त्यात काय विशेष? युरोपात जे वेगळं उठून दिसलं, ते इथे सार्वत्रिक तक्रारीत विरघळून गेलं. त्यात हा आजार भारतात फारच विरळा, असा समज कित्येक वर्षं होता. नोशीर वाडियांसारख्या मुंबईच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी १९९० च्या सुमारास पारशी समाजातलं त्याचं मोठं प्रमाण दाखवून दिलं. एमआरआय शहरोशहरी पोचल्यावर इतर समाजांतलेही रुग्ण समोर येऊ लागले. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ साली मुंबईत सुरू झाली, पुण्यातही तिची शाखा आहे. तेव्हा ‘रुग्णच नाहीत’ हे म्हणणं आता टिकत नाही. राहिला मुद्दा सगळ्यांना लागणाऱ्या उन्हाचा. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानावर उष्माघाताने माणसं दगावली, तेव्हा ऊन धडधाकट माणसालाही सोडत नाही, हे सगळ्यांनी पाहिलं. पण उष्माघातात शरीराचं तापमान ४० अंशांच्या घरात गेलेलं असतं. एमएसच्या माणसाचं गणित ३७ वरून साडेसदतीसवर जाताच बिघडतं. ज्या दुपारी शेजारी नुसता घाम पुसतो, त्या दुपारी याचा पाय चालेनासा होतो. एकच ऊन दोघांसाठी एकच नसतं, एवढं मान्य केलं तरी निम्मं काम होईल.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे आणि तो डॉक्टरांकडूनच येतो. उन्हाने आलेली लक्षणं अंग गार झालं की जातात, त्याने मायलीनची नवी हानी होत नाही. मग एवढा बाऊ कशाला? वैद्यकीय वस्तुस्थिती बहुतांशी तशीच आहे आणि ती रुग्णाला ठासून सांगायलाच हवी, कारण निम्मा त्रास भीतीचा असतो. पण लक्षण तात्पुरतं असलं म्हणून त्याचे परिणाम तात्पुरते राहत नाहीत. पायरीवरून पडून मोडलेलं खुब्याचं हाड काही गारव्याने जुळत नाही. शिवाय उन्हाने आलेली लक्षणं कुठली आणि आजाराचा खरा झटका कुठला, हे ओळखण्यावर पुढचे निर्णय ठरतात. नवं लक्षण २४ तासांहून अधिक टिकलं आणि ताप किंवा संसर्ग नसला, तर तो झटका समजून तपासणी करायची, हा सर्वमान्य निकष. हे माहीत नसलं तर उन्हाच्या त्रासावर विनाकारण स्टेरॉइडची सलाइन लागते, किंवा उलट खरा झटका ‘ऊन बाधलं’ म्हणून घरीच काढला जातो. आणि पाण्याचं काय? एमएसमध्ये लघवीवरचा ताबा सैल होतो. बाहेर स्वच्छ संडास मिळेल याची खात्री नसल्याने माणसं, विशेषतः बायका, घराबाहेर पडण्याआधी पाणीच पीत नाहीत. त्यावर लघवीची घाई कमी करणाऱ्या काही गोळ्यांनी घामही कमी होतो, म्हणजे शरीराची स्वतःला निववण्याची वाट आणखी अरुंद होते. एस.टी. स्टँडवरचं कुलूप लावलेलं स्वच्छतागृह आणि रुग्णाची दुपारी अंधुक होणारी नजर यांचा असा थेट संबंध आहे. हा संबंध डॉक्टरांनी उलगडून सांगायचा नाही, तर कुणी?

मावळात बसून हे लिहिताना हवापालटाचा आक्षेप टाळता येत नाही. बोरघाटातून १८६३ साली रेल्वे धावू लागली आणि मुंबईचा धनिक वर्ग उन्हाळ्यात खंडाळा-लोणावळ्याला येऊ लागला. ‘थंड हवेच्या ठिकाणी जा’ हा सल्ला तेव्हापासून आपल्या जिभेवर आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी जरूर यावं. पण एप्रिल-मेमधल्या दुपारी मावळातही अंग भाजतं. पावसाळ्यात पारा उतरतो तरी हवा इतकी दमट होते, की जराशा श्रमाने आलेला घाम सुकत नाही आणि आतली उष्णता आतच राहते. उलट काही रुग्णांचे स्नायू गारठ्याने अधिक ताठरतात. त्यांना श्रावणातलं लोणावळं वैशाखाइतकंच जड जातं. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत उत्तम चालतो, कोकणात तो नुसती चिकचिक वाढवतो. मावळात त्याचा उपयोग मार्च ते मे एवढाच. म्हणून ‘गारवा ठेवा’ एवढा मोघम सल्ला पुरत नाही. कुठल्या गावात, कुठल्या महिन्यात, कुठल्या साधनाने, हे नेमकं सांगावं लागतं. महागडंच काही लागतं असंही नाही. कोरड्या हवेत मानेवर आणि मनगटांवर ओला पंचा, अंगात सुती कपडा, बाहेर पडण्याआधी अर्धा तास कोमट-गार पाण्यात पाय, बरोबर थंड पाण्याची बाटली, आणि कामं सकाळी. शीतकारी जाकीट परवडणाऱ्यालाही त्यातल्या पुड्या गोठवायला फ्रीज लागतो आणि फ्रीजला न जाणारी वीज लागते.

यातून माणूस घरातच कोंडून घेईल, ही शंकाही रास्त आहे. एके काळी एमएसच्या रुग्णांना व्यायाम वर्ज्य होता, कारण श्रमाने लक्षणं वाढतात. १९९६ सालच्या अमेरिकेतल्या एका नियंत्रित अभ्यासात १५ आठवड्यांच्या व्यायामाने रुग्णांची ताकद आणि उमेद दोन्ही वाढलेली दिसली आणि तो सल्ला मोडीत निघाला. आधी अंग गार करून मग व्यायाम केला तर तो अधिक वेळ झेपतो, हेही नंतर दिसून आलं. उन्हाचं म्हणाल, तर कमी ऊन आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता यांचा या आजाराच्या जोखमीशी संबंध आढळला आहे, तेव्हा अंधाऱ्या खोलीत बसणं कुणीच सुचवणार नाही. गारवा मागायचा तो बाहेर पडता यावं म्हणून. भाज्याचंच पाहा. ज्यांनी दोन हजार वर्षांपूर्वी ही लेणी कोरली, त्यांनी भिक्षूंच्या राहण्याबरोबर पाण्याच्या पोढीही कोरल्या. आज पायथ्याशी एक फलक लावायचा, की वाट सकाळी सावलीत असते आणि दुपारनंतर उन्हात. निम्म्या चढावर टेकायला सावलीची जागा करायची. खाली चालू स्थितीतलं स्वच्छतागृह ठेवायचं. याचा लाभ एमएसच्या रुग्णाला होईल, तसाच गरोदर बाईला, म्हाताऱ्या आजोबांना आणि हृदयविकाराच्या माणसालाही.

कायदा एव्हाना पुढे गेला आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ते २१ झाले आणि मल्टिपल स्क्लेरोसिसचा त्यात नावानिशी समावेश झाला. वाजवी सोयी देण्याची जबाबदारीही त्याने घातली. पण आपण सोय म्हटली की उतार आणि कठडाच डोळ्यांसमोर आणतो. पंख्याखालची जागा, दुपारऐवजी सकाळची पाळी, परीक्षेला गार खोली, या सोयी मागणाऱ्याकडे लाडावलेला म्हणून पाहिलं जातं. दिव्यांगत्वाची टक्केवारी गार सकाळी मोजली तर एक येईल आणि मेमधल्या दुपारी दुसरी, हेही मोजणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं. अहमदाबादने २०१३ साली शहराचा उष्णता कृती आराखडा केला, त्यानंतर इतर शहरांनी केले. असे आराखडे वृद्ध, लहान मुलं आणि उन्हात राबणारे मजूर यांच्यावर भर देतात आणि तो हवाच. त्यांत मज्जातंतूंच्या आजारांसाठी एक ओळ घालायला खर्च येत नाही.

मेंदूविकारतज्ज्ञांनी फेब्रुवारीतल्या तपासणीत उन्हाळ्याचा कागद वेगळा लिहून द्यावा, अशी माझी विनंती आहे. तोवर रुग्णांनी आणि घरच्यांनी हा विषय स्वतःहून काढावा. जाताना लघवीच्या गोळ्यांसह सगळ्या औषधांची यादी सोबत न्यावी, गेल्या मेमध्ये कोणत्या वेळी काय होत होतं ते लिहून न्यावं आणि कोणतं लक्षण दिसलं तर वाट न पाहता फोन करायचा, हे विचारूनच उठावं.