पडलेल्या बँकेचा शेअर

लोह्यात माझं खताचं दुकान आहे. सोयाबीनची पट्टी हातात पडली की गावाकडची पोरं उधारी मिटवायला येतात आणि जाता जाता मोबाइल पुढं करतात. "काका, हा बँकेचा शेअर लई स्वस्तात मिळायलाय. घ्यावं का?"

मी त्यांना येस बँकेचं सांगतो. ऑगस्ट 2018 मध्ये तिचा शेअर चारशेच्या घरात होता. 5 मार्च 2020 च्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेनं निर्बंध लावले, खात्यातून पन्नास हजारांच्या वर निघेनात. दुसऱ्या दिवशी भाव सहाच्याही खाली जाऊन आला. पण बँक काही त्या रात्रीत बिघडली नव्हती. 2016-17 चं थकीत कर्ज तिनं 2,018 कोटी दाखवलं होतं. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत ते 8,373 कोटी निघालं. हे ऑक्टोबर 2017 मध्येच जाहीर झालं. तरी पुढं दहा महिन्यांनी भाव उच्चांकावर होता! म्हणून मी भाव नंतर बघतो, आधी थकीत कर्जातली तफावत.

दुसरी खूण ठेवींची. सप्टेंबर 2019 अखेर या बँकेत दोन लाख नऊ हजार कोटींच्या ठेवी होत्या, 5 मार्चला एक लाख सदतीस हजार कोटी उरल्या. मोठे ठेवीदार आधीच निघून गेले होते. डिसेंबर तिमाहीचा निकालही बँकेनं लांबवला. तो 14 मार्चला आला तेव्हा तोटा 18,564 कोटींचा. निकालाची तारीख पुढं ढकलणाऱ्या बँकेत नवा पैसा घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पोरं म्हणतात, सरकार बँक बुडू देत नाही. बहुतेकदा खरंय, पण सरकार वाचवतं ठेवीदाराला. भागधारक म्हणजे मालक, त्याचा नंबर सगळ्यात शेवटी. येस बँकेत स्टेट बँकेनं दहा रुपये भावानं भांडवल घातलं आणि सरकारच्या योजनेनं शंभरहून जास्त शेअर असणाऱ्यांचे पाऊण हिस्सा शेअर तीन वर्षांसाठी गोठवले. त्याच आठवड्यात भाव कित्येक पटींनी उसळला, पण गोठवलेले शेअर विकता येईनात. त्याच वर्षी नोव्हेंबरात लक्ष्मी विलास बँक डीबीएसमध्ये विलीन झाली. ठेवी सुरक्षित राहिल्या, शेअरची किंमत मात्र शून्य झाली. साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेचे भागधारक त्या मानानं सुटले. 2006 साली आयडीबीआयनं त्यांना शेअरमागं 28 रुपये दिले.

आपल्याकडं अनेकांच्या नावावर सहकारी बँकेचे शेअर असतात, कर्ज देतानाच कापून घेतलेले. ते शेअर बाजारात विकले जात नाहीत, त्यामुळं घसरण दिसायला भावच नाही. त्यांच्यासाठी हाताशी असतो तो वार्षिक अहवाल. सभेच्या आधी तो मागून घ्या. ढोबळ एनपीए म्हणजे एकूण थकीत कर्ज, भांडवल पर्याप्तता आणि लेखापरीक्षणाचा वर्ग गेल्या वर्षीच्या अहवालाशेजारी ठेवून वाचा, आणि आकडा बिघडलेला दिसला तर सभेत उभं राहून विचारा.