वृद्ध मांजराचे वजन

बंगळूरच्या जुन्या वस्तीतील एखाद्या घराच्या कट्ट्यावर बारा-तेरा वर्षांचे मांजर ऊन खात पडलेले असते. ते आजारी आहे की केवळ सुस्तावले आहे, हे नुसते पाहून पशुवैद्यासही सांगता येणे कठीण. मांजर आपले दुखणे लपविते. ते एका कोपऱ्यात स्वस्थ बसते आणि घरची माणसे म्हणतात, "वय झाले बिचाऱ्याचे!"

परंतु वय हा काही रोग नव्हे. मध्यम वयात मांजरे बहुधा लठ्ठ होतात; अकरा-बारा वर्षांनंतर मात्र त्यांपैकी पुष्कळांचे वजन उतरू लागते. काहींची पचनशक्ती मंदावते, हे खरे. पण अनेकदा मागे मूत्रपिंडाचा जुनाट विकार, मधुमेह, दातांचे दुखणे अथवा अवटु ग्रंथीचा अतिस्राव दडलेला असतो. हा शेवटचा विकार मोठा फसवा. त्यात मांजर अधाशासारखे खाते, चपळ दिसते आणि तरीही झिजत जाते. भूक उत्तम म्हणून धनी निश्चिंत! मांजरांतील या रोगाचे वर्णन मुळी १९७९ साली अमेरिकेत झाले. मूत्रपिंडाच्या विकारात तर निदानापूर्वी तीन वर्षांपासूनच वजन घटू लागल्याचे आढळले आहे.

चार किलोच्या मांजराचे दोनशे ग्रॅम वजन उतरले, तर डोळ्यांस काहीच दिसत नाही. पण ती घट शेकडा पाच होय. साठ किलोच्या माणसाने तीन किलो गमवावे इतकी. मांजरास उचलून काट्यावर उभे राहावे व मग आपले वजन वजा करावे, ही युक्ती सर्वांस ठाऊक आहे. तीत बारीक फरक हरवतो. तान्ह्या मुलांचा काटा बरा. (वाण्याच्या तराजूत मांजर बसेल, अशी आशा कोणी धरू नये.) महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर वजन करून तारखेसह वहीत टिपावे.

केवळ वजनाने मात्र भागत नाही. मेंढीचा कणा चाचपून तिची अंगलट अंकांत मांडण्याची पद्धत १९६१ साली ऑस्ट्रेलियात पुढे आली; १९९७ साली मांजरांसाठी १ ते ९ अंकांची श्रेणी प्रसिद्ध झाली. तीत ५ हा अंक आदर्श. मूठ आवळून तिच्या उंच हाडांवरून दुसऱ्या हाताची बोटे फिरवावीत; बरगड्या तशा टोचल्या तर मांजर कृश झाले. पसरलेल्या हाताच्या पाठीसारख्या लागल्या तर ठीक, आणि तळहातासारख्या मऊ थराखाली दडल्या तर मेद फार. लोंबत्या पोटावरून अनुमान करू नये. ती सैल कातडी सडपातळ मांजरासही असते.

वृद्धपणी पोटावरचा मेद तसाच राहून पाठीचे स्नायू झिजतात, म्हणून कण्याच्या दोन्ही बाजू व खांदे निराळे चाचपावेत. कणा करवतीसारखा हाती लागला, तर वजन कायम असले तरी वैद्याकडे जावे. हेब्बाळ येथे १९५८ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे जा की गल्लीतल्या दवाखान्यात, वही सोबत असू द्यावी. रक्त व लघवी तपासण्याची निकड त्या आकड्यांवरून चटकन ध्यानी येते. लठ्ठ मांजराने मात्र अन्नच सोडले, तर पुढच्या वजनाची वाट पाहू नये. थोड्याच दिवसांत यकृतात मेद साचून त्याच्या प्राणांवर बेतते.