पलंगाचे वय

गिरगावातल्या चाळी पुनर्विकासासाठी रिकाम्या होऊ लागल्या, तसे मला एकाच प्रकारचे फोन येऊ लागले : 'घरात एक जुना पलंग आहे, बघून वय सांगाल का?' मी लाकडाचे शिक्षण घेतलेले नाही. कचेरीत हिशेब लिहितो. भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय, चोरबाजारातली मटन स्ट्रीट आणि लालबाग-परळच्या सुतारांच्या शेजारी घालवलेले रविवार, एवढीच माझी शाळा. फोन करणाऱ्यांच्या मनात वय मात्र आधीच ठरलेले असते. पलंग 'पेशवाईतला' असतो.

ठाकूरद्वाराजवळच्या एका चाळीतला पलंगही तसाच होता. सागवानी, मच्छरदाणीसाठी चार उंच कातीव खांब, उशाकडच्या फळीत गुलाबी फुलांच्या तीन टाइल्स. खाली दोन ट्रंका आणि गाद्यांची वळकटी मावेल एवढी उंची. खोलीत राहणाऱ्यांना या उंचीचे मोल नक्षीपेक्षा जास्त. पणजोबांनी तो कोकणातून गलबतात घालून आणला, मूळचा एका सरदाराच्या वाड्यातला, असे घरात सांगत. पुरावा म्हणून पायाच्या आतल्या अंगाला पटाशीने कोरलेले 'प' हे अक्षर दाखवत. 'प' म्हणजे पेशवे. थोरल्या भावाला एका व्यापाऱ्याने चांगली किंमत सांगितली होती, पण 'पेशवेकालीन' असे कुणा अभ्यासकाने लिहून द्यावे ही अट. धाकट्याला पलंग विकायचाच नव्हता. त्यांच्या आत्याचा जन्म त्याच पलंगावरचा. नव्या सदनिकेत एवढा पलंग मावणार नाही, हे तिघांनाही मान्य होते. चिठ्ठी मी लिहायची होती.

लोक आधी लाकूड विचारतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईत शिसवी लाकडाचे अतिशय कोरीव सामान बनत असे. मेडोज स्ट्रीट हे त्याचे नावाजलेले ठिकाण, आणि गिऱ्हाईक मुख्यतः युरोपियन व श्रीमंत पारशी. इंग्रजी पुस्तके त्याला 'बॉम्बे ब्लॅकवुड' म्हणतात. शिसव जांभळट-काळी आणि हाताला जड. हा पलंग त्यातला नव्हे, हे एक फळी उचलताच कळते. राहिला साग. 'बर्मा टीक आहे' असे सगळेच छातीठोक सांगतात. इंग्रजांनी खालचा ब्रह्मदेश १८५२ साली घेतला, बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन १८६३ साली निघाली, आणि तिच्याच लाकडाच्या तंट्याचे निमित्त होऊन १८८५ साली थिबा राजा कैद झाला व पुढे रत्नागिरीला आला. त्याआधी मुंबईच्या गोदीला साग मिळे तो मलबार-कानड्याचा. पण पॉलिश चढलेली फळी नुसती बघून मलबारी की ब्रह्मी हे सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

इंग्रजी पुस्तकांतली एक आवडती कसोटी म्हणजे कातीव पाय कॅलिपरने मोजणे. लाकूड सगळ्या बाजूंनी सारखे आक्रसत नाही, त्यामुळे गोल पाय कालांतराने किंचित लंबगोल होतो. ओक-अक्रोडाला ते ठीक. साग मुळातच कमी आक्रसतो, त्यात मुंबईची दमट हवा. इथे ही कसोटी लंगडी पडते. कार्बन चाचणीचेही तेच. साधारण १६५० नंतरच्या लाकडाला ती एकच एक साल देत नाही, आणि जे देते ते झाडाच्या वाढीचे, सुतारकामाचे नव्हे.

मला जास्त बोलतात ते स्क्रू. हाताने कापलेल्या जुन्या स्क्रूचे टोक बोथट असते. अणकुचीदार टोकाचे यंत्रावरचे स्क्रू १८५०च्या आसपास सर्रास झाले. इथले चारही स्क्रू टोकदार होते, आणि शेजारी बुजवलेले दुसरे भोक कुठेही नव्हते. म्हणजे स्क्रू मूळचेच. पेशवाई १८१८ साली बुडाली. चिठ्ठीचा निकाल खरे तर इथेच लागला होता.

मग माप. जुने सुतार गज-तसूत मोजत : २४ तसूंचा गज, म्हणजे २७ इंच, एक तसू सव्वा इंचाला थोडा कमी, १⅛ इंच. साडेचार फुटांच्या पलंगाला ही कसोटी लावू नये, कारण ५४ इंच म्हणजे नेमके दोन गज. दोन्ही मापे जुळतात. हा मात्र ४८ बाय ७५ इंच भरला. तसूंत त्याचे अपूर्णांक होतात. सुताराच्या हातात फूटपट्टी होती.

एक टाइल सैल होती. ती काढली तर मागे उठावाच्या रोमन अक्षरांत 'मेड इन जपान'. परदेशी मालावर देशाचे नाव येऊ लागले त्यामागे १८८९चा मर्चंडाइज मार्क्स कायदा आहे; पण जपानच्या अशा रंगीत टाइल्सचा काळ विसाव्या शतकातला, आणि १९४१ साली जपानशी व्यापार थांबला. टाइल्स मागाहून बसवल्या असतील, ही शंका घ्यायलाच हवी. खोबण तपासली : कड मूळच्या गोलाईसह सहा इंचांवर कापलेली, मागे दुसऱ्या फळीची खूण नाही. मी १९१५ ते १९३५ असा काळ धरला. नोव्हेंबर १९३७ मध्ये टाउन हॉलमध्ये 'आयडियल होम' प्रदर्शन भरले, तोवर गुळगुळीत, गोलसर कडांच्या आर्ट डेको सामानाची हवा दादर-माटुंग्याच्या नव्या घरांत शिरली होती. असे कातीव खांब तेव्हा जुनाट वाटू लागले असणार.

उरला 'प'. पलंगाला आठ सांधे असतात, आणि कुठली पट्टी कुठल्या पायात बसते हे कळावे म्हणून सुतार दोन्हीकडे एकच आकडा कोरतो. पलंग सोडवला तेव्हा बाकीच्या सांध्यांवर आकडे निघाले : एक, दोन, तीन, चार, सहा, सात, आठ. पाच नव्हता. त्याच्या जागी 'प' होता, शिरोरेषेवाचून. गुजराती पाच आपल्या 'प'सारखाच दिसतो. पलंग गुजराती सुताराने घडवला होता. असे सुतार मुंबईत पुष्कळ. कोकणातल्या वाड्यात असा कारागीर, जपानी टाइल आणि फूटपट्टी एकत्र येण्यापेक्षा तो मुंबईतच घडला हे मला कितीतरी सरळ वाटते. पणजोबांनी गलबतातून काही आणले असेलही. हा पलंग नव्हे.

तसे लिहून दिले. व्यापारी पुन्हा आला नाही. त्याच्या दोनशे वर्षांची दुसरी बाजूही मी थोरल्याला सांगितली होती : १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांवरची कलाकुसरीची वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून तीच वस्तू गिऱ्हाइकाला 'प्राचीन' आणि कस्टमला 'नक्कल' म्हणून सांगणारे असतात. थोरला काही दिवस माझ्यावर नाराज होता. आत्याने मात्र एकच विचारले, 'म्हणजे माझ्या आजोबांनी तो नवा कोरा घेतला होता?' मी म्हटले, बहुधा हो. चाळीतल्या एका खोलीत राहून कुणाचा उतरलेला नव्हे, सुताराला सांगून करवून घेतलेला पलंग, ही त्यांना सरदाराच्या वाड्यापेक्षा मोठी गोष्ट वाटली.

पलंग आता धाकट्याकडे डोंबिवलीला आहे, खांब काढून, टाइल्ससह. आपल्या घरचा पलंग सोडवायची वेळ आली तर आधी सांध्यांवरच्या खुणांचे फोटो काढा, आणि पॉलिशवाल्याला पायांच्या आतल्या बाजूवर सँडपेपर मारू देऊ नका.