वेबपेजचा पसारा आवरा, पण भाव स्वतः तपासा



मागच्या दिवाळीचा किस्सा सांगतो. माझ्या दुकानाच्या वेबपेजवर फराळाची यादी होती. चकलीचा जुना भाव 400 रुपये खोडलेला दाखवायचा आणि शेजारी 360 लिहायचं, एवढंच काम. खोडायचा ‘एस’ टॅग उघडला आणि बंद करायला विसरलो. झालं! चकलीपासून खाली शेव, अनारसे, करंज्या, सगळ्यांवर आडवी रेघ. गिऱ्हाइकांना वाटलं, माल संपला. दोन दिवस फोन थंड. शेवटी नेहमीच्या एका काकूंनी विचारलं, “यंदा फक्त लाडूच का रे?”

बीबीएला मार्केटिंग शिकलो, पण टॅग बंद करायला कुणी शिकवलं नव्हतं!

तेव्हापासून मी ‘एचटीएमएल टायडी’ वापरतो. फुकट आणि ओपन सोर्स टूल आहे. डेव्ह रॅगेट यांनी ते 1990च्या दशकात बनवलं. यात बटणं नाहीत. टर्मिनल उघडायचं आणि एक ओळ टाइप करायची. खाली मी उच्चार देतोय, टाइप मात्र इंग्रजी अक्षरांत करा.

1. आधी फाइलची कॉपी करून ठेवा. हे टाळू नका.

2. मग ‘टायडी’, स्पेस, ‘हायफन ई’, स्पेस आणि फाइलचं नाव. यात फाइल बदलत नाही, फक्त चुका दिसतात, त्याही ओळीच्या नंबरासकट. कुठला टॅग बंद नाही, ते इथेच कळतं.

3. त्या चुका स्वतः दुरुस्त करा.

4. आता आवराआवर. ‘टायडी’नंतर ‘हायफन आय’ म्हणजे ओळी नीट आत सरकवून मांड. ‘हायफन यूटीएफ8’ म्हणजे मराठी अक्षरं सांभाळ. ‘हायफन ओ’ आणि नव्या फाइलचं नाव म्हणजे निकाल तिथे ठेव. शेवटी जुन्या फाइलचं नाव. प्रत्येकामध्ये स्पेस द्या.

आता तुम्ही म्हणाल, तिसरी पायरी कशाला? टूलच करेल की! इथेच गोची आहे. टायडीला टॅग कळतात, तुमचा भाव कळत नाही. ‘एस’ टॅग उघडा राहिला, तर ब्राउझर तो पुढेही चालू धरतो आणि टायडीसुद्धा पुढच्या ओळीत तोच टॅग स्वतःहून घालू शकतं. म्हणजे कोड एकदम चकाचक, पण रेघ तशीच! चूक दिसायची तीही नीटनेटकी होऊन बसते.

म्हणून नवी फाइल अपलोड करण्याआधी ब्राउझरमध्ये उघडा आणि गिऱ्हाईक होऊन वरपासून खालपर्यंत भाव वाचा. मला यासगळ्याला पाच मिनिटं लागतात. त्या दिवाळीत मी दोन दिवसांचा धंदा घालवला होता.

आज तुमच्या एकाच पेजवर दुसरी पायरी करून बघा. काय काय निघतं ते बघून तुम्हीच चाट पडाल!